मत कोणाच्या खिशात?

(कुपवाडच्या वस्तीतील युवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी भाषणवाला नाही. गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो, शिक्षण मॅट्रिक. गाव पाटण तालुक्यात. थोरली बहीण इथं कुपवाडला दिलीय, दाजी एमआयडीसीत. तेव्हा मी या वस्तीचा पाव्हणाच. पाव्हण्यानं दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःचं सांगावं.

७ मे २०२४. साताऱ्यात आणि सांगलीत, दोन्हीकडं लोकसभेचं मतदान. माझं नाव गावच्या यादीत. मुकादमाला सुट्टी मागितली. तो म्हणाला, "जा की. पण खाडा पडंल, आणि परवा काम मिळंलच असं नाही." मी गेलो नाही. नंतर कळलं, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ ब: मतदानादिवशी पगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालासुद्धा. हा कायदा संसदेत झाला तेव्हा कायदामंत्री होते बाबासाहेब. त्यांची तसबीर माझ्या खोलीत आहे. त्यांच्या कारकिर्दीतला कायदा मात्र मला ठाऊक नव्हता. लाज मुकादमाला नाही वाटली, मला वाटली.

मग निकाल लागला. साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी आले. 'पिपाणी' चिन्हावरच्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. हरलेले म्हणाले, लोकांनी तुतारी समजून पिपाणी दाबली. कोण आलं, कोण पडलं, याचं मला सुतक नाही. पण शंभरातली सदतीस माणसं त्या दिवशी मतदानाला गेली नाहीत. त्यात मी एक. सगळा खेळ ज्या फरकावर झाला, त्याच्या कितीतरी पट माणसं बाहेर राहिली. आणि ती सगळी आळशी होती असं कोणी म्हणालं, तर त्याला माझ्या मुकादमाकडं पाठवा.

आता सांगलीचं. पेपरवाल्यांचा आपल्यासाठी एक ठरलेला शब्द आहे: गठ्ठा मतं. जसं काय आपण माणसं नाही, गोदीतल्या गोणी आहोत. क्रेन लावली की उचलली. २०१९ ला सांगलीत वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांना तीन लाख मतं पडली. दलितांची, धनगरांची, कुणाकुणाची. भाजपचे संजयकाका पाटील निवडून आले. लगेच बोंब उठली, यांनी मतं फोडली. अरे, मतं तुमची होती कधी म्हणून फोडली? पण पुढचंही ऐका. त्याच वर्षी पडळकर भाजपमध्ये गेले. मतं आपली राहिली, माणूस त्यांचा झाला. २०२४ ला विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखाच्या फरकानं आले. म्हणजे सांगलीचा मतदार चिन्हाला बांधलेला नाही. मग आपणच का बांधून घ्यायचं? निळ्या झेंड्याला बघून डोळे मिटायचे, हेही मला मान्य नाही.

कोणी म्हणेल, आपल्याला राखीव जागा आहेत. आहेत. सांगली जिल्ह्यात मिरज, सातारा जिल्ह्यात फलटण. पण १९३२ च्या पुणे करारानं स्वतंत्र मतदारसंघ गेले. उमेदवार आपला, निवडणार सगळे. साहजिकच तो आधी ज्यांची मतं जास्त त्यांच्या वाड्यावर जातो, मग वस्तीत हार घालायला येतो. त्यात आपण मतदानालाच गेलो नाही, तर त्यानं हार तरी कशाला आणावा?

ताई म्हणते, "मत देऊन काय झालं? गटार तिथंच आहे." खरंय. पण २०२३ ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला, तेव्हा याच ताईला विचारा. गटाराची तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं? नगरसेवक नालायक असला तरी त्याचं दार माहीत असतं. त्याला शिव्या देता येतात. पुन्हा पाडता येतं. साहेबाला कोण पाडणार?

१९२८ ला सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. तेव्हा जमीनवाल्याला, कर भरणाऱ्याला मत होतं, झाडूवाल्याला नव्हतं. पुढं मत मिळालं, आणि १९५२ ला त्याच मतांनी ते मुंबईत पडले. १९५४ ला भंडाऱ्यात पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. म्हणून मतपेटीला लाथ मारली नाही. आपण एक गटार तुंबलं की मारतो.

तेव्हा भावांनो, काम सांगतो. जिथं झोपता तिथं नाव लावा. नवं नाव नमुना ६ वर, पत्ता बदलायचा तर नमुना ८. १८ वर्षं पूर्ण होण्याच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. दोन ठिकाणी नाव ठेवू नका, तो गुन्हा आहे. आदल्या रात्री पाकीट घेऊन येणाऱ्याला वस्तीच्या तोंडावर अडवा आणि सगळ्यांसमोर विचारा, गटाराचं काय? एकही उमेदवार लायक वाटला नाही तर २०१३ पासून नोटा आहे, तो दाबा. पण घरी बसू नका. घरी बसलेल्याचं मत मोजलं जात नाही, गृहीत धरलं जातं.

मी नमुना ८ भरलाय. आता माझं मत मुंबईत, गोदीजवळच्या खोलीच्या पत्त्यावर. गाव सुटलं म्हणून आई थोडी रडली. तिला म्हटलं, गावात घर आहे, ते राहील. पण माझं मत मुकादमाच्या वहीत अडकून पडलं होतं, ते मी सोडवून आणलंय.

तुमचं कुठं अडकलंय, ते बघा.

जयभीम.