महसुलाची तूट आणि रुळांची सुरक्षा

कर कमी झाल्याचा संतोष तत्काळ लाभतो. परंतु त्यामुळे खजिन्यात पडलेली तूट रुळांवर, विद्युत्तारांवर आणि जुनाट डब्यांवर उमटावयास वर्षे लागतात, आणि म्हणूनच तिचा जाब सहसा कोणी विचारीत नाही. उदाहरणार्थ, अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या मेट्रो रेल्वेस स्वतःचा राखीव महसूल दीर्घकाळ नव्हताच. मेरीलँड, व्हर्जिनिया, राजधानीचा जिल्हा आणि केंद्र सरकार यांच्या वार्षिक मंजुरीवर तिचा गुजारा चाले. 2004 मध्ये या मेट्रोवर झालेल्या एका अपघातानंतर चौकशी मंडळाने सर्वांत जुने डबे बळकट करावेत अथवा मोडीत काढावेत, अशी शिफारस केली. पण करसवलतीच्या लाभासाठी केलेल्या भाडेकरारांमुळे ते डबे 2014 अखेरपर्यंत चालविणे भाग आहे, असा मेट्रोचा जबाब होता. करसवलतीची ही तऱ्हा विलक्षणच म्हणावयाची! 22 जून 2009 रोजी थांबलेल्या गाडीची नोंद स्वयंचलित नियंत्रणयंत्रणेस झालीच नाही, आणि त्याच जुन्या डब्यांची गाडी तिच्यावर आदळून 9 जण मृत्युमुखी पडले. जानेवारी 2015 मध्ये बोगद्यातील तारांच्या धुराने आणखी एका प्रवाशाचा बळी घेतला. तिन्ही प्रदेशांनी मिळून वार्षिक 50 कोटी डॉलरांची कायम तरतूद मान्य केली, ती 2018 साली.