मालकाचं नाव

(पारगाव येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

नवऱ्याला ‘मालक’ म्हणायचं नाही, हे आपण किती बैठकांमध्ये बोललो. बऱ्याच जणींनी ते सोडलंही. आज मी दुसऱ्या मालकाबद्दल बोलणार आहे. गाडीच्या आरसी बुकावर ज्याचं नाव असतं, त्या मालकाबद्दल.

आमच्या घरची पहिली जुनी गाडी आली ती माझ्या शिवणकामाच्या आणि भिशीच्या पैशातून. बघायला गेले हे आणि यांचे दोन मित्र. पुस्तकावर नाव यांचं. मी हळदकुंकवाचं ताट घेऊन दारात उभी! सहा महिन्यांत इंजिनाचं काम निघालं. त्याचेही पैसे मीच भरले. तेव्हाच ठरवलं, पुढची गाडी मी बघणार आणि मीच चालवून बघणार.

गाडी ही आपली चैन नाही. इथं दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. दिवेलागणीनंतर स्कूटीवरून येताना जीव मुठीत असतो. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दिवे नसलेल्या ट्रेलरची भीती वेगळी. रात्री घरात कुणाला धाप लागली तर मंचरला न्यायला आधी गाडी शोधा, मग चालवणारा पुरुष शोधा. म्हणून मी गाडी शिकले, लायसन्स काढलं आणि दुसरी गाडी बघायला निघाले.

सगळ्यांचं म्हणणं एकच, “बाईला गाडीतलं काय कळतंय?” अहो, म्हैस घेताना आपण काय करतो? दात बघतो, कास बघतो आणि दोन वेळची धार स्वतः काढून बघतो. विकणाऱ्याच्या तोंडच्या लिटरवर कोणी म्हैस घेतं का? गाडीचंही तेच आहे.

महामार्गालगतच्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. एजंट सगळं यांच्याशी बोलत होता. मला म्हणाला, “वहिनी, तुम्ही मागं बसा, एसी बघा.” मी बॉनेटवर हात ठेवला. गरम! आम्ही यायच्या आधीच त्यानं इंजिन चालू करून ठेवलं होतं. दूध तुंबवलेली म्हैस दाखवतात ना, तसंच. मी म्हटलं, उद्या सकाळी येते, तोवर गाडी चालू करू नका.

सकाळी गार इंजिन चालू केलं आणि मागून निळा धूर आला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा येतो, पण दाट येत राहिला तर कूलंट इंजिनात शिरतंय असं समजा. ती गाडी मी तिथंच सोडली. एजंट यांना म्हणाला, “दादा, वहिनींना समजवा.” यांनी उत्तर दिलं, “पैसे तिचे आहेत.” एवढं बोलायला त्यांना एक गाडी वाया घालवावी लागली!

तिसरी गाडी पसंत पडली. ती कशी तपासली ते सांगते. गाडी दिवसाउजेडी बघायची. दार आणि बॉनेटच्या फटी सारख्या आहेत का, एखाद्या पत्र्याचा रंग वेगळा दिसतो का, ते बघायचं. गालिचा उचलून ओल आणि गंज शोधायचा. मीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यातला टायर. एकाच कडेनं झिजला असेल तर चाकांचं काहीतरी बिघडलंय.

मग चालवायची. निघण्याआधी विमा चालू आहे का विचारा. एजंट गुळगुळीत महामार्गावर नेतो. आपण खड्ड्यांच्या रस्त्यावर न्यायची, कारण आपल्याला रोज तिथंच चालवायची आहे. रेडिओ बंद, काचा खाली, कान उघडे. सरळ मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड जरा सैल करा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. मागं कुणी नाही हे बघून ब्रेक दाबा. चढावर थांबवून पुन्हा उचला. वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तर क्लच गेलाय. रिव्हर्ससकट सगळे गियर टाका. एजंट शेजारी बसून घाई करेल. करू दे. आणि शेवटी आपला मेकॅनिक न्या, त्यानं दिलेला नको.

आता कागद. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाकून आरसीशी जुळवा. एमपरिवहन ॲपवर विमा आणि पीयूसी दिसतं, दंडाच्या पावत्याही तपासा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. ते कोरे सही करून कपाटात ठेवू नका. घेणारीनं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि विमा नावावर करायला 14 दिवसांत अर्ज द्यायचा असतो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की गाडी विकली तरी नोंद बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी पुस्तकावरच्या मालकाची. म्हणजे विकणाऱ्यानंही निष्काळजी राहून चालत नाही.

आमच्या गाडीच्या पुस्तकावर आज माझं नाव आहे. हे चालवतात, मुलगा चालवतो, माझी काही हरकत नाही. पण किल्ली मागताना विचारतात, एवढा फरक पडला.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर गाडीचं पुस्तक काढा. पैसे कुणी भरले आणि नाव कुणाचं, हे दोन्ही बघा. पुढच्या बैठकीत त्यावरच बोलू. आणि ज्यांना लायसन्स काढायचंय त्यांनी आज इथंच नावं द्या. शिकवायला माझी गाडी आहे.