उपवासकाळातली वही
(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'तंत्रज्ञान आणि समाजसेवा'. वीस-बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला दुसरा कुठला विषय देणार? पण गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर मदतनिधीची चर्चा सुरू झाली. शाळेतल्या गरजू मुलांना आपल्या तुकडीतर्फे दरवर्षी मदत करायची, कार्यक्रमात स्टेजवर बोलावून द्यायची, फोटो काढायचे, स्मरणिकेत यादी छापायची. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला, आणि मग रात्री झोप आली नाही. का आली नाही ते सांगायला मी उभी आहे. त्यासाठी मला आमच्या चर्चमधला उपवासकाळ सांगावा लागेल. थोडं सांभाळून घ्या.

वसईत वाढलेल्या कुणालाच राखेचा बुधवार नवा नाही. सकाळी सहाची मिस्सा करून आम्ही शाळेत यायचो आणि तुम्ही विचारायचात, "कपाळाला काय लागलंय गं?" ती राख कुठून येते हे मात्र मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन घरी आणलेल्या झावळ्या वर्षभर क्रुसामागे खोचलेल्या असतात. त्या सुकल्या की परत चर्चमध्ये नेऊन देतात आणि त्याच जाळून राख करतात. तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. रविवार धरत नाहीत, म्हणून कॅलेंडरवर मोजाल तर शेहेचाळीस भरतात. २०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. गंमत बघा, १५ ला महाशिवरात्र, तुमच्यातले कितीतरी जण तुंगारेश्वरला चालत जाणार, तीन दिवसांनी आमची राख, आणि रमजानचे रोजेही त्याच सुमारास. फेब्रुवारीत वसईतल्या वडापाववाल्यांचं काही खरं नाही.

पुस्तकात याला प्रायश्चित्तकाळ म्हणतात, घरी आम्ही उपवासकाळ किंवा सरळ 'लेंट' म्हणतो. या दिवसांत आमच्याकडे लग्नं होत नाहीत, बँड वाजत नाही. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट असते, चौदा ठिकाणी थांबत, प्रार्थना म्हणत. आमच्या आळीत ती वाड्यांमधून निघायची, केळीच्या बागेतून, पाटाच्या कडेने, हातात मेणबत्त्या आणि पायात चिखल. चर्चच्या नियमाने पूर्ण उपवास फक्त दोन दिवसांचा आहे, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, आणि तोही अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांना. पण आमच्या आजीला नियम कोण सांगणार? ती सत्तरीतही चाळीस दिवस मासळी सोडायची. वसईच्या बाईने मासळी सोडणं म्हणजे काय, ते इथे समजावून सांगायची गरज नाही.

पण तिच्या सोडण्याला हिशोब होता. कोळीण दारात आली की आजी भाव विचारायची, "आज सोडलंय गो" म्हणायची आणि तेवढे पैसे आत जाऊन पुठ्ठ्याच्या डब्यात टाकायची. तो डबा चर्चमधून प्रत्येक घरी यायचा. आम्ही मुलं त्यात बर्फाच्या गोळ्याचे चार आणे टाकायचो, कुरकुरत. नुसतं उपाशी राहून स्वतःचं पुण्य वाढवायचं, हे आजीला पटत नसे. आपल्या ताटातून जे उतरलं ते दुसऱ्याच्या ताटात पडलं पाहिजे, एवढीच तिची समजूत. तेव्हा एका शुक्रवारी चर्चच्या मांडवात सगळ्या गावाला पेज आणि लोणचं असायचं. डॉक्टर, वाडीवाले, वाडीवर मजुरीला येणारे, सगळे एकाच बाकावर. जेवणाचे वाचलेले पैसे पुन्हा डब्यात.

डबे ईस्टरच्या आधी परत जातात. काही पैसे कारितास इंडियाच्या उपवासकाळातल्या मोहिमेला, शुभ शुक्रवारची दानपेटी येशूच्या भूमीतल्या चर्चसाठी, आणि एक मोठा भाग गावातच. तो वाटायचं काम आमच्या धर्मग्रामात सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचं. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी सुरू केली. कॉलेजची पोरं होती सगळी. माझे बाबा आमच्या गावातल्या शाखेचे खजिनदार होते. दिवसा नोकरी, सकाळ-संध्याकाळ फुलांची वाडी, आणि बुधवारी रात्री सोसायटीची सभा.

या सभेतली एक गोष्ट मला तुम्हाला नीट सांगायची आहे. सभा संपताना एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ बंद करून हात आत घालायचा आणि बाहेर काढताना मोकळा काढायचा. कुणी शंभर टाकले, कुणी काहीच टाकलं नाही, कुणालाच कळत नाही. बाबा नंतर मोजायचे आणि एकूण आकडा वाचून दाखवायचे. घरोघर जायचं तेही दोघादोघांनी, संध्याकाळी अंधार पडल्यावर. आधी चहा, मग गप्पा, आणि निघताना पाकीट. राखेच्या बुधवारी मिस्सेला जे वाचन असतं त्याचा मथितार्थच हा की उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये. मराठीत आपणही या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतोच. फरक एवढाच, की त्या माणसांनी ते म्हणण्यावर न ठेवता त्याची पद्धत बसवली होती.

आता माझी गोष्ट.

१९९३ चा जून, आपण आठवीत आलो तेव्हाचा. उपवासकाळातले पैसे ईस्टरला संपवत नाहीत, थोडे जूनसाठी ठेवतात, गणवेश आणि वह्यांना. बाबांनी खाकी कागदात बांधलेली पाच-सहा पुडकी माजघरात आणून ठेवली होती. एकावर पेन्सिलीने आडनाव होतं. ते आपल्या वर्गातल्या एका मुलीचं होतं. मी कुणाला काही बोलले नाही, निदान पहिले दहा-बारा दिवस. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत बाकावरच्या जागेवरून भांडण झालं. दोष माझाच होता, जागा तिची होती. हरायला लागल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जास्त बोलू नकोस, तुझा युनिफॉर्म आमच्या देवळातून आलाय."

ती रडली नाही, भांडलीही नाही. डबा बंद केला आणि जाऊन मागच्या बाकावर बसली. दुसऱ्या दिवशी ती जुन्या गणवेशात आली, काखेत उसवलेल्या, विटून पांढरट झालेल्या. बाईंनी विचारलं तर म्हणाली, नवा धुवायला टाकलाय. तो वर्षभर धुवायला टाकलेला राहिला.

रविवारी तिची आई पुडकं घेऊन आमच्या घरी आली. गणवेश धुऊन, इस्त्री करून. बाबांच्या हातात दिला आणि पाणीही न पिता गेली. बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पुढच्या बुधवारी सभेत सांगितलं की त्या घराला आता दुसऱ्या कुणीतरी भेट द्यावी, माझ्या घरातून गोष्ट बाहेर गेली. खजिनदारपणही सोडायला निघाले होते, बाकीच्यांनी ऐकलं नाही. पुढच्या उपवासकाळात मी पापनिवेदनाला गेले. फादरना खोटं बोलले, आईला उलट बोलले, सगळं सांगितलं. हे सोडून.

तुम्हाला वाटेल, लहान होतीस. म्हणून दुसरी गोष्ट सांगते, त्या वेळी मी लहान नव्हते.

२०२० साली राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला होता. महिन्याभरात लॉकडाऊन. चर्च बंद, मिस्सा मोबाईलवर. मी आधीच घरी आले होते, इथेच अडकले. जव्हार-मोखाड्याहून वीटभट्ट्यांवर आलेली आदिवासी कुटुंबं तशीच अडकली. दरवर्षी उपवासकाळात आमचे लोक भट्ट्यांवर जातात, शिमग्याला ती घरी जाऊन परत आली की पोरांना कपडे, औषधं घेऊन. त्या वर्षी तांदूळ-डाळच द्यायची होती, आणि फक्त भट्ट्यांवर नाही. गावातल्याच रिक्षावाल्यांच्या, खासगी कंपनीत नोकरी गेलेल्यांच्या घरी चूल पेटत नव्हती.

आणि मी, इंजिनियर! एका रात्रीत गूगल शीट बनवलं. नाव, पत्ता, फोन, घरात माणसं किती, आणि शेवटचा रकाना 'कारण'. कुणाची नोकरी गेली, कुणाचा नवरा पितो, कुणावर कर्ज आहे. स्वयंसेवकांना सोपं जावं म्हणून लिंक उघडी ठेवली, ज्याला मिळेल त्याला दिसेल अशी. ऑफिसात माझ्या हाताखालच्या पोराने ग्राहकाच्या माहितीचं असं केलं असतं तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. इथे मला सुचलंच नाही. इथली माणसं माझ्या लेखी ग्राहक नव्हती ना!

दोन दिवसांत लिंक गावातल्या तीन ग्रुपांवर फिरली. 'यांना कशाला? यांच्या दारात गाडी आहे.' तिसऱ्या दिवशी एका माणसाचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "ताई, तांदूळ ओट्यावर ठेवलाय, कुणालातरी पाठवून घेऊन जा." त्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'कर्ज'. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं.

मी शीट पुसलं, पण फिरलेले स्क्रीनशॉट कोण पुसणार? बाबा ओट्यावर बसले होते. त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्यांदा."

सोसायटीतले एक काका दुसऱ्या दिवशी मास्क लावून आले आणि एक जुनी शंभर पानी वही दिली. आत नुसते आकडे. घर क्रमांक ७, तांदूळ १०. घर क्रमांक १२, औषध. हे आकडे घरपट्टीचे नव्हते, त्यांनीच दिलेले होते. कुठला आकडा कुणाचा हे दोन माणसांना ठाऊक. पैशाचा हिशोब पै-पैशाचा, पावत्या जोडलेल्या, पण नाव एकही नाही. माझ्या क्षेत्रात माणसाची ओळख आणि त्याची माहिती वेगवेगळी ठेवायची, हे आम्ही फार मोठ्या शब्दांत शिकतो. काकांची सातवी झालेली आहे. मी नवं शीट त्यांच्या वहीवरून बनवलं. ते आजही चालतं.

आता त्या आठवीतल्या मैत्रिणीबद्दल. ती आज इथे आहे की नाही, हे मी सांगणार नाही. कृपया मागे वळून शोधू नका. जेवताना अंदाज बांधू नका. हे भाषण करण्यापूर्वी मी तिला फोन केला, बत्तीस वर्षांनी माफी मागितली आणि हे सांगू का विचारलं. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "सांग, नाव नको. आणि त्यांना सांग, पुडक्यात बूट पण होते. एक नंबर मोठे होते. मला कुणी माप विचारलंच नव्हतं."

हे मी बाबांना सांगितलं, ते आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. ते दिवसभर गप्प होते. आमच्या धर्मग्रामात आता पुडकी देत नाहीत. दुकानदाराशी ठरवून चिठ्ठी देतात. आई पोराला घेऊन जाते, माप बघते, रंगही निवडते, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना ती इतरांसारखीच एक गिऱ्हाईक दिसते.

तेव्हा मदतनिधीबद्दल माझं म्हणणं. स्टेज नको, फोटो नको, यादी नको. काही मित्र म्हणतील, नावं दिसली नाहीत तर देणारे हिशोब मागतील. जरूर मागावा. जमा किती, खर्च किती, किती मुलांना, हे दरवर्षी छापू, सीए आपल्यातच दोन आहेत. कुणाला, हे फक्त मुख्याध्यापकांना आणि आपण निवडू त्या एका निवृत्त शिक्षकांना माहीत असावं. मला नको. माझा इतिहास तुम्ही आत्ताच ऐकला.

दुसरी शंका ग्रुपवर आली होती, की फोटो नसेल तर लोक देत नाहीत. तीही करून बघू. खाली जेवणाच्या मांडवाच्या तोंडाशी आपल्या शिवणाच्या बाई बसणार आहेत. त्यांच्याकडे एक निळी कापडी पिशवी आहे, त्यांनीच कालच्या दिवसात शिवली. जाताना प्रत्येकाने मूठ बंद करून हात आत घालायचा आणि मोकळा बाहेर काढायचा. ज्यांना आज काही द्यायचं नाही किंवा जमणार नाही, त्यांनीही हात घालायचा आहे. त्यांनी घातला नाही तर बाकीच्यांचं गुपित राहत नाही.