चायना ग्रासची गोष्ट
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पुडिंगमध्ये आपण चायना ग्रास घालतो. नाव गवताचे असले, तरी तो समुद्रातल्या तांबड्या शेवाळाचा अर्क. शास्त्रज्ञ त्याला अगार म्हणतात.

१८८१ साली जर्मनीत डॉ. वॉल्टर हेसे रोगजंतूंचा अभ्यास करीत. जंतू वाढवायला ते जिलेटिन वापरीत; पण उन्हाळ्यात ते वितळे, आणि काही जंतू तर तेच खाऊन पातळ करीत. तुझ्या जेली उन्हाळ्यात कशा टिकतात, असे त्यांनी पत्नीला विचारले. फॅनीबाईंनी अगारचे नाव सांगितले. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्या ते शिकल्या होत्या. (शेजार असा उपयोगी पडतो!) एकदा थिजलेले अगार सुमारे ८५ अंशांपर्यंत तापवल्यावाचून वितळत नाही; त्यामुळे शरीराइतक्या उबेत जंतू खुशाल वाढवता येतात.

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यांच्या लेखात अगारचा उल्लेख आहे, फॅनीबाईंचा नाही. मला हे फार खटकते.

आजही रोग्याची लघवी ‘कल्चर’ला दिली की जंतू अगारच्याच बशीत वाढवतात आणि कोणते औषध लागू पडेल ते तेथेच पाहतात. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, ते एवढ्यासाठीच.