कापडाला चुण्या का पडतात?

(जेऊर येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



मी शिवणवर्ग चालवणारी बाई. मोठे भाषण मला येत नाही. म्हणून ज्या कामात माझी वर्षे गेली, त्यातलीच एक गोष्ट सांगते. मशीनवर भरतकाम केल्यावर फुलाच्या कडेने कापड गोळा होते, त्याला आपण चुण्या पडणे म्हणतो. गोष्ट लहान दिसते. पण याच चुण्यांनी माझे एकदा मोठे नुकसान केले आणि एक धडाही दिला.

सुरुवातीच्या काळात मला २४ सुती झब्ब्यांचे काम मिळाले होते. गळ्याभोवती हिरवी वेल भरायची होती. रात्री जागून काम पुरे केले. इस्त्री करून दिले तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. आठ दिवसांनी झब्बे परत आले. पहिल्याच धुण्यात प्रत्येक गळा लाटेसारखा वर-खाली झाला होता. ग्राहकाचे काही चुकले नव्हते. कापडाचे पैसे मला भरून द्यावे लागले, आणि त्या महिन्यात धाकट्या भावाची फी अम्मीने उसनवारीने भरली. मला टाका उत्तम येत होता. टाक्यामागचे कारण मात्र ठाऊक नव्हते.

ते कारण आता ऐका. सुती कापड धुतल्यावर आखडते, पॉलिस्टरचा दोरा आखडत नाही. समजा कापड शंभरास तीन या प्रमाणात आखडले आणि वेल ४० सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे कापडाला १२ मिलिमीटर आत यायचे आहे, पण दाट टाके त्याला येऊ देत नाहीत. ते १२ मिलिमीटर जाणार कोठे? ते चुण्या होऊन वर येतात. हे त्रैराशिक मी शाळेत सोडवले होते. मशीनवर बसताना ते आठवले नाही, एवढेच. म्हणून सुती कापड आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कामाला घ्यावे. गळ्याला किंवा कॉलरला बकरम लावायचे असेल तर तेही भिजवून घ्यावे.

दुसरे कारण रिंगमध्ये आहे. आपल्या मुली कापड जोराने ओढून रिंग घट्ट करतात. ओढलेले कापड रबरासारखे असते. त्यावर टाके बसले आणि रिंग सोडली की कापड मूळ मापावर येते, टाके येऊ शकत नाहीत, आणि कडेला चुण्या उमटतात. रिंग सैल असली तरी तेच होते, कारण मग दोराच कापडाला गोळा करतो. कापड सपाट व ताठ असावे, पण ताणलेले नसावे. याची सोपी परीक्षा आहे. रिंग लावण्याआधी खडूने कापडावर १० सेंटिमीटरचा चौकोन काढा. रिंग लावल्यावर तो पुन्हा मोजा. चौकोन वाढला किंवा तिरका झाला तर रिंग काढून पुन्हा लावा. आतल्या कडीला सुती पट्टी गुंडाळली म्हणजे कापड सरकत नाही. काम अर्धे राहिले तर कापड रात्रभर रिंगमध्ये ठेवू नये.

तिसरे कारण दोऱ्याचा ताण. पायमशीनवर भरतकाम करताना आपण पाय काढून ठेवतो आणि दाते खाली करतो किंवा झाकतो. पण पाय काढला तरी त्याची दांडी खाली पाडावीच लागते. नाही तर वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. उलट ताण फार झाला तर दोरा कापडाला दोन्ही बाजूंनी आत ओढतो. भरीव टाक्याची मागची बाजू पाहा. मधल्या एक तृतीयांश भागात बॉबिनचा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा दोरा दिसला तर ताण ठीक आहे. बॉबिन केस दोऱ्याला लटकवून पाहावी. ती आपोआप घसरू नये, हलका झटका दिल्यावर थोडीशी खाली यावी. स्क्रू फिरवायचा झाला तर पाव फेऱ्याहून कमीच फिरवावा. बॉबिनही सावकाश भरावी. भरताना पॉलिस्टरचा दोरा ताणला गेला, तर तो कापडात बसल्यावर हळूहळू आखडतो आणि कापडाला ओढतो.

सुई कापडाला शोभेल अशी हवी. वॉइल, जॉर्जेट, दुपट्ट्याचे तलम कापड यांना ९ किंवा ११ नंबर, टेरीकॉटला ११ किंवा १४. सुईचे टोक बोथट झाले की ती कापडात शिरण्याऐवजी धागे ओढते. सुई स्वस्त आहे, दुपट्टा महाग आहे.

आता आधाराविषयी. तलम कापड एकटे दाट टाक्यांचे ओझे सोसत नाही. त्याच्या खाली आधाराचा कागद लावावा. वर्तमानपत्र लावू नये, शाई लागते. टी-शर्टसारख्या लवचीक होजिअरीला कापून कायम आत ठेवायचा आधार लागतो. न ताणणाऱ्या कापडाला फाडून काढायचा चालतो. आपल्या सोलापूरच्या टॉवेलवर नाव भरायचे असेल तर वरूनही पाण्यात विरघळणारा पारदर्शक पापुद्रा ठेवावा, म्हणजे टाके टॉवेलच्या फासांत बुडत नाहीत. आधी विरळ, साध्या टाक्यांनी कापड आधाराला पकडून घ्यावे, मग भरीव काम करावे. काम मधून कडेकडे न्यावे. आधी कडा भरल्या तर मधले कापड कोंडले जाते.

गळ्याविषयी एक गोष्ट विसरू नका. गळा गोल कापला की त्याची कड उरेब होते, आणि उरेब कापड हात लागताच ताणते. म्हणून गळ्याची खूण फक्त आखावी, भरतकाम पुरे करावे, मग कात्री लावावी. माझ्या २४ झब्ब्यांत मी हीदेखील चूक केली होती.

स्वित्झर्लंडमध्ये आयझॅक ग्रोब्ली या माणसाने १८६३ साली शिवणयंत्राच्या तत्त्वावर भरतकामाचे यंत्र काढले. त्यातले शटल लहान होडीसारखे होते, म्हणून त्या यंत्राला तिकडच्या बोलीत होडी या अर्थाचे शिफ्ली हे नाव पडले. आज संगणकाचे यंत्र आले आहे. त्यात दोन टाक्यांमधले अंतर साधारण ०.४ मिलिमीटर असे आकड्यांत घालावे लागते. यंत्र बदलले, दोऱ्याची ओढ तीच राहिली. कापड पातळ असेल तर हे अंतर वाढवावे लागते, आणि ते किती वाढवायचे हे माणसालाच ठरवावे लागते.

माता-पित्यांनो, आता मुख्य गोष्ट. वर्गात मुलगी आणताना कित्येक जण म्हणतात, "आपा, सातवी झाली, आता हिला मशीन शिकवा." मी मशीन जरूर शिकवीन. पण शाळा सोडवून आणू नका. माप, प्रमाण, लवचीकता हे सारे शाळेत शिकवतात आणि मशीनवर उपयोगी पडते. आयटीआयमध्ये शिवणकामाचे आणि भरतकामाचे अभ्यासक्रम आहेत, तेथे प्रवेशाला शाळेचा दाखला लागतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. तेथेही अर्ज वाचावा लागतो, हिशेब समजावा लागतो.

विद्यार्थिनींनो, मला उशिरा कळले ते तुम्हांला आज फुकट मिळाले आहे. घरी गेल्यावर सुती कापडाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक भिजवून, एक न भिजवता, दोन्हींवर सारखे फूल भरा, आणि दोन्ही धुऊन पाहा. मग ते तुकडे आपल्या अब्बांना दाखवा आणि कारण समजावून सांगा. शाळा का पुरी करायची, हे त्यांना माझ्यापेक्षा तुम्हीच चांगले सांगू शकाल.