मुलींचा अर्ज आणि आमच्या सह्या

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, हळदीकुंकवाचे वाण मोजून ठेवणे आणि प्रार्थनेला मागच्या ओळीत उभे राहणे. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी धरू नये. पण यंदा जूनमध्ये जे घडले त्यात आपल्या मंडळाचा हात होता आणि माझाही होता. ते मनात कुढत ठेवण्यापेक्षा आपल्याच बायकांत बोलून टाकावे, म्हणून मी आपण होऊन अध्यक्षबाईंकडे थोडा वेळ मागून घेतला.

वरवर हकिगत तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आपल्या मुली ज्या शाळेत जातात, तिथे अकरावी-बारावीच्या वर्गांना गणवेशाचा नवा नियम लागला. पूर्वी मुलींना आकाशी कुर्ता आणि गडद निळी सलवार होती. आता सलवार पांढरी, ओढणीही पांढरी, ती दोन्ही खांद्यांवर पिना लावून घ्यायची. केसांच्या दोन वेण्या, त्या वर दुमडून काळ्या रिबिनीने बांधायच्या. मुलग्यांची करडी पँट होती तशीच राहिली, केस तेवढे बारीक ठेवा म्हणून सांगितले. पाचवी ते दहावीच्या मुलांना काहीच बदल नव्हता. "मोठ्या मुलींनी लहानांपुढे शिस्तीचा आदर्श ठेवावा," असे सूचनेत लिहिले होते.

पालकांचा पाठिंबा आहे असे पत्र मंडळाने द्यावे, असा शाळेचा निरोप आला. गुरुवारच्या भजनानंतर ते पत्र हातोहात फिरले आणि आपण बावीस जणींनी त्यावर सह्या केल्या. माझी सही त्यात आहे. खरे सांगायचे तर मला बरेच वाटले. मुली नीटनेटक्या दिसतील, नट्टापट्टा कमी होईल, शाळेची शोभा वाढेल, एवढाच विचार माझ्या मनात आला. घरी गेल्यावर लेकीला एका शब्दाने विचारले नाही. तिच्या अंगावरच्या कपड्याची गोष्ट, पण विचारायचे सुचलेही नाही.

चार दिवसांनी मुलींनी शाळेत अर्ज दिला. एक्केचाळीस मुलींच्या सह्या होत्या. अर्ज अवघा दोन ओळींचा: "पांढरा रंग गैरसोयीचा आहे. कृपया पूर्वीचा गणवेश कायम ठेवावा." तो नामंजूर झाला. सोमवारी या मुली जुन्याच गणवेशात शाळेत गेल्या आणि वर्गात न जाता पटांगणात लिंबाखाली बसल्या. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. त्यांना घरी पाठवण्यात आले. मग आपल्या आळीत काय काय बोलले गेले ते मी सांगायला नको. मुली शेफारल्या, मोबाइलने डोकी फिरवली, आज सलवार नको म्हणतात, उद्या आईबापही नको म्हणतील! मीही त्यात दोन वाक्ये घातली होती. अर्जावर तिसरे नाव माझ्याच लेकीचे आहे, हे मला दुपारी शेजारच्या काकूंकडून कळले.

रात्री मी तिला पुष्कळ बोलले. तिने खाली मान घालून ऐकून घेतले. मग कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "आई, सही करताना तू एकदा तरी विचार केलास का, महिन्यातले ते चार दिवस मी पांढऱ्या सलवारीत बाकावर कशी बसू?"

भगिनींनो, माझ्या हातातले काम तिथेच थांबले.

मग ती एकेक सांगत गेली. वाडीच्या मुली सकाळी साडेसहाची एसटी धरतात आणि दुपारी तीनला घरी पोचतात. मुलींच्या संडासाला मधल्या सुटीनंतर पाणी नसते आणि दोनपैकी एका दाराची कडी लागत नाही. मागल्या वर्षी एका मुलीला वर्गातच अडचण आली. गडद सलवार होती म्हणून पाठीमागे दप्तर धरून कशीबशी घरी गेली, कोणाला कळले नाही. पांढऱ्या सलवारीत काय झाले असते? दोघी-तिघींनी तर ठरवूनच टाकले होते, की ते दिवस घरीच राहायचे. महिन्याचे चार दिवस म्हणजे दहा महिन्यांत चाळीस दिवस झाले. बारावीच्या परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. त्यात ताप, पाऊस, घरचे लग्नकार्य धरले, तर मुलीचे वर्ष कुठे राहिले?

मी विचारले, "मग हे अर्जात का नाही लिहिले?"

ती म्हणाली, "सरांना कसे लिहायचे गं? आम्हाला ते लिहिता येत नव्हते. तुम्हाला सांगता आले असते. पण तुम्ही आधीच तिकडे सह्या करून बसलात."

हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या कानातून गेलेले नाही. त्या दोन ओळींच्या अर्जात 'गैरसोय' हा शब्द होता. पुरुषमाणसाला त्याचा अर्थ लागला नाही तर त्याला मी दोष देणार नाही. पण आपण बावीसच्या बावीस बायका. आपल्यातल्या प्रत्येकीने ते दिवस काढले आहेत. गैरसोय म्हणजे काय, हे आपल्याला उमगायला हवे होते.

मला त्या रात्री माझी स्वतःची गोष्ट आठवली. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला पलीकडच्या गावच्या हायस्कुलात जावे लागे आणि तिथे मुलींना पांढरा ब्लाउज आणि गुडघ्यापर्यंतचा निळा स्कर्ट होता. आजी म्हणाली, "न्हाण आलेली पोर उघड्या पोटऱ्यांनी वेशीबाहेर जायची नाही." वडील गप्प राहिले. पंजाबी ड्रेस किंवा परकर घातला तर चालेल का, एवढे हायस्कुलात जाऊन विचारायला हवे होते. कदाचित चालले असते. कोणी विचारायलाच गेले नाही आणि मलाही कोणी विचारले नाही. माझा दाखला पेटीत राहिला तो आजतागायत आहे. पांढऱ्या सलवारीचे काय एवढे, असे जिला वाटत असेल, तिला मी म्हणेन, बाई, एका कपड्यापायी शाळा सुटते. माझी सुटली आहे.

हा प्रकार आपल्याच गावचा आहे असेही नाही. लेकीने मला कुठले कुठले वाचून दाखवले. विलायतेत विम्बल्डनला टेनिसचे मोठे सामने होतात. तिथे खेळाडूंनी आतून बाहेरून पांढरेच घालायचे असा फार जुना दंडक. १८८४ सालापासून स्त्रिया तिथे खेळत आहेत. हीच अडचण स्त्री खेळाडू उघडपणे बोलू लागल्या, तेव्हा कुठे नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम सैल झाला आणि २०२३ पासून आत गडद रंगाची चड्डी घालायची मुभा मिळाली. जगातल्या नामांकित बायकांना सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. आपल्या पोरींनी चार दिवसांत अर्ज दिला. त्यांना शेफारलेल्या म्हणायचे की धीट म्हणायचे, तुम्हीच ठरवा.

दुसरी गोष्ट मुलग्यांची. जून २०१७ मध्ये इंग्लंडात कडक ऊन पडले. एक्सेटर गावच्या एका शाळेतल्या मुलग्यांनी हाफपँटची परवानगी मागितली. नियमात बसत नाही म्हणून ती मिळाली नाही. मुलींना मात्र स्कर्ट चालत होता. तेव्हा तीसेक मुलगे चक्क स्कर्ट घालून शाळेत आले! हसू येते खरे, पण त्यांनी नियम मोडला नाही, नियमातली विसंगती तेवढी दाखवली. पुढल्या वर्षापासून हाफपँट चालेल, असे शाळेने कबूल केले.

तिसरी दक्षिण आफ्रिकेतली. प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत ऑगस्ट २०१६ मध्ये केसांच्या नियमावरून काळ्या मुलींनी निषेध केला. त्यांचे जन्मजात दाट कुरळे केस नीटनेटके नाहीत, म्हणून त्यांना बोल लावला जाई. प्रांताचे शिक्षणमंत्री स्वतः शाळेत आले, मुलींचे ऐकून घेतले आणि केसांचा तो नियम स्थगित झाला.

या तिन्ही ठिकाणी मला एकच दिसते. नियम करणारा एक आणि अंगावर वागवणारा दुसरा. ज्याचे जळते त्यालाच कळते. म्हणून ज्याच्या अंगावर नियम पडायचा त्याला आधी विचारावे.

आता कोणी म्हणेल, ही बाई गणवेशाच्या विरुद्ध झाली. तसे मुळीच नाही. गणवेशाने वाण्याची पोर आणि मोलकरणीची पोर एका बाकावर सारखी दिसते, हे फार मोठे काम आहे. पण हेही ध्यानात घ्या, की सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून आठवीपर्यंत मुलांना सरकारी योजनेतून गणवेश मिळत आला आहे. त्यापुढे तो घरच्या खिशातून करावा लागतो. अकरावीची जुनी निळी सलवार धडधाकट असताना पांढरे दोन जोड शिवायचे, म्हणजे ज्या घरी दोन मुली आहेत तिथे महिन्याच्या किराण्यालाच हात लागतो. सारखेपणासाठी गणवेश, आणि त्याच गणवेशाने गरिबाला ओझे, हे बरे नव्हे.

कोणी असेही म्हणेल, मोठ्यांचे ऐकायचे सोडून मुली उलट बोलू लागल्या तर कसे? आपल्या आज्यांच्या काळात नऊवारी सोडून गोल पातळ नेसणे हेही थेर वाटे. नेसणाऱ्यांनी बोलणी खाल्ली, म्हणून आज आपण सुखाने पाचवारी नेसतो आणि कितीजणी तर ड्रेसही घालतो. शिवाय १९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने मुलांच्या हक्कांचा जो करार केला आणि १९९२ साली आपल्या देशाने जो स्वीकारला, त्याच्या बाराव्या कलमात म्हटले आहे, की मुलांशी संबंध असलेल्या गोष्टीत त्यांना आपले मत मांडता आले पाहिजे आणि त्यांच्या वयाप्रमाणे त्या मताला किंमत दिली पाहिजे. मुलांचेच खरे करा, असे त्यात नाही. ऐका, एवढेच आहे.

पुढे काय झाले तेही सांगते. दुसऱ्या दिवशी मी आणि मंडळातल्या आणखी तिघी शाळेत गेलो. आधी बाईंना भेटलो, मग त्यांना बरोबर घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. छाती धडधडत होती. मी म्हटले, "सर, आमची सही आम्ही परत घेतो. पांढऱ्या सलवारीची अडचण पोरींना तुम्हाला सांगता येत नाही, ती आम्ही सांगायला आलो आहोत." दहा मिनिटेही लागली नाहीत. सर म्हणाले, "हे माझ्या ध्यानातच आले नाही." सलवार पुन्हा निळी झाली. दाराची कडी त्याच आठवड्यात बसली. पाण्याचे अजून रडगाणे आहे. वेण्या आणि ओढणीच्या पिना मात्र तशाच राहिल्या. मुली कुरकुरतात, पण रोज वेण्या घालतात. म्हणजे त्यांना शिस्तच नको होती, हे खरे नव्हते.

आता माझे मंडळाकडे दोन गोष्टींचे मागणे आहे. एक, यापुढे मुलांविषयीच्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्या मुलांपैकी चार जणांना इथे बोलावून त्यांचे ऐकून घ्यावे. दोन, शाळेत पाण्याची टाकी बसेपर्यंत आपल्यापैकी दोघींनी दर महिन्याला जाऊन विचारणा करावी. पहिल्या महिन्याची पाळी मी घेते.

आणि त्या एक्केचाळीस मुलींपैकी ज्या आज मागे बसल्या आहेत त्यांना सांगते: पोरींनो, तुमची काकू, मावशी, आई म्हणवून घेणाऱ्या आम्ही त्या दिवशी तुमच्या बाजूला नव्हतो. आमचे चुकले. पुढच्या वेळी अर्ज लिहिण्याआधी आमच्याकडे या. जे तुम्हाला लिहिता येत नसेल, ते आम्ही बोलू.