प्रयत्नाचा बिल्ला



अध्यक्षपदाचा मान देऊन आपण मजवर जो लोभ दाखविला, त्याबद्दल आभार मानण्याचा शिरस्ता मी एका वाक्यात उरकतो. कारण बालकांच्या कर्तृत्वाचा गौरव करणारी बिल्ल्यांची योजना प्राथमिक शाळेत कशी चालवावी, हा आपल्यापुढील विषय दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

आपल्या अनेक शाळांत ही योजना स्काउट-गाइड चळवळीतील कब आणि बुलबुल, म्हणजे लहान मुलांच्या आणि लहान मुलींच्या पथकांच्या रूपाने आली. स्काउट चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांनी १९१६ साली कबांसाठी पुस्तक सिद्ध केले, तेव्हा त्याचे कथासूत्र किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधून घेतले, तो किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मलेला, आणि त्याच्या मोगलीचे शिवनीचे अरण्य आपल्या नागपूर जिल्ह्याच्या शेजारचे, हे ध्यानी घेता या चळवळीला सर्वस्वी परकी म्हणून नाके मुरडण्याचे कारण उरत नाही. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काउट संघटनांचे एकीकरण होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था अस्तित्वात आली. तिच्या योजनेत कबांना चरणामागून चरण आणि बुलबुलांना कोमल, रजत, सुवर्ण व हीरक असे पंखांचे बिल्ले मिळवीत वर चढावयाचे असते. या चढणीवर मुलामुलांत पहिला, दुसरा, तिसरा असा क्रमांक कोठेही नाही. ‘कोशिश करो’ हे कबांचे ब्रीद आहे; आणि ते ज्याने प्रथम योजिले, त्याला बालमनाची पुरती पारख असली पाहिजे.

परंतु शिष्यवृत्तीच्या परीक्षेवर पोसलेली आपली बुद्धी क्रमांकावाचून स्वस्थ बसत नाही. पंख मिळाला की तो वर्गात प्रथम कोणास मिळाला याची चौकशी सुरू होते, आणि तपासणीची तारीख जवळ येताच ज्या चाचण्यांना महिने लागावयाचे त्या एका दुपारी दप्तरात पुऱ्या होतात. दाखले छापावयास वेळ लागत नाही. मूल घडावयास लागतो.

एका खेड्यातील शाळेत गुंडी लावण्याची चाचणी चालली असता मी उपस्थित होतो. एका चिमुरड्या बुलबुलने दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून सुईच्या नेढ्यात मोठ्या शर्थीने ओवले, टाकेही घट्ट घेतले; मात्र सदरा उचलून पाहते तो त्याची पुढची बाजू पाठीशी शिवली गेलेली! बाई हसल्या नाहीत. त्यांनी कात्री पुढे केली, टाके उसवावयास लावले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बस म्हणून सांगितले. त्या शनिवारी मुलीने सदऱ्याच्या आत आपली पाटी सरकवली आणि मगच सुई हाती घेतली. ही युक्ती तिला कोणी शिकविली नव्हती. बाईंनी नोंदवहीत ‘उत्तीर्ण’ असे न लिहिता ‘पाटी आत घातली’ एवढाच शेरा मारला. माझ्या मते एवढा अचूक शेरा शिक्षणखात्याच्या दप्तरात क्वचितच आढळेल.

अशा शेऱ्याला शिक्षकाचे डोळे आणि वेळ, दोन्ही लागतात. डोळे आपल्यापाशी आहेत. वेळेची गोष्ट निराळी आहे. जनगणना, मतदारयाद्या आणि नाना प्रकारची पत्रके यांतून जो उरतो तो शनिवारचा शेवटचा तास, आणि तोही पुष्कळदा सभेला खर्ची पडतो.

म्हणून येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांना व मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, वर्षाअखेर किती बिल्ले वाटले याचा तक्ता मागविण्यापूर्वी चाचणी घेणाऱ्या शिक्षकाला आठवड्यातील एक तास वेळापत्रकात नेमून द्यावा, तो अन्य कामासाठी काढून घेऊ नये, आणि नोंदवहीत क्रमांकाचा रकाना आखू नये.